माझा माइक नेहमी चालू असतो

“ती चहा घेते. बिनसाखरेचा,” मास्तर म्हणाले.

मी विचारलं होतं जेनीला. जेनी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती, जागी होती आणि तिला नीट ऐकू येत होतं. तरी उत्तर माझ्या पाठीमागच्या सोफ्यावरून आलं.

“आणि तुम्ही, मॅडम?”

“मला साखर चालते,” मी म्हटलं. “मास्तर, तिचं तिला सांगू दिलंत तर बरं होईल. पुस्तक तिचं आहे.”

मास्तर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मिरजेतली ही गोष्ट बरीच जुनी. मी दैनिकातली नोकरी नुकतीच सोडली होती आणि पुण्याचे प्रकाशक देवस्थळी यांनी जेनी लोंढेच्या आत्मचरित्राचं शब्दांकन माझ्याकडे दिलं होतं. तिनं सांगायचं, मी लिहायचं, कव्हरवर फोटो तिचा. संध्याकाळपर्यंत बातमी उभी करायची सवय असलेल्या माणसाला हे काम सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

‘लाल रिबन’ हे गाणं ज्यांनी ऐकलं नाही असे लोक त्या काळी महाराष्ट्रात शोधावे लागले असते. बारशापासून वरातीपर्यंत ते वाजायचं. गायलं तेव्हा जेनी शाळेत होती. खरं नाव जना, आजीवरून ठेवलेलं. कॅसेट निघताना वडिलांनी त्याचं जेनी केलं. मी तिला भेटले तेव्हा ती तिशी ओलांडलेली, जराशी थोराड बांध्याची, गंभीर चेहऱ्याची बाई होती आणि स्टेजवर अजूनही दोन वेण्या घालून लाल रिबन बांधत होती.

वडील रंगनाथ लोंढे. लग्नाच्या वरातीत वाजणारा लोंढे ब्रास बँड त्यांचा. क्लॅरिनेट वाजवत पुढे चालणारा तो मास्तर, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणे. मुलीचं गाणं गाजल्यावर त्यांनी बँड बंद केला आणि बँडमधली माणसं तिच्या कार्यक्रमांना लावली. कुणी कीबोर्डवर, कुणी लाइटवर. साइड ड्रम वाजवणारा इक्बाल साउंडच्या टेबलावर.

“पहिल्यांदा स्टेजवर गेलीस तेव्हा कसं वाटलं?” मी जेनीला विचारलं.

तिची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे गेली. जरा थांबून ती म्हणाली, “खूप आनंद झाला. सगळं श्रेय आप्पांचं.”

“भीती नाही वाटली?”

पुन्हा खांद्यावरून नजर. “नाही. आप्पा होते ना.”

असं दुपारभर चाललं. प्रत्येक उत्तर पोस्टरवर छापण्याजोगं आणि पुस्तकात घालण्याच्या लायकीचं नाही. शेवटी मी मान वळवून, पुरस्कार मांडलेल्या शोकेसची काच पाहिली. काचेत सोफा दिसत होता, सोफ्यावर मास्तर आणि मास्तरांचा उजवा हात. बोट गोल फिरलं की जेनी आधीचंच वाक्य पुन्हा सांगायची. तळवा खाली झाला की आवाज खाली. मूठ मिटली की गप्प.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची फिरवून बसले. मी पाणी प्यायला आत जाऊन आले तोवर खुर्ची होती तशी झाली होती. तिसऱ्या दिवशी मी सरळ सोफ्यावर जाऊन बसले. मास्तरांनी स्टूल आणलं आणि सोफ्याच्या मागे टाकलं.

“तुमच्या हाताच्या खुणा मला दिसतात, मास्तर,” मी म्हटलं.

ते ओशाळतील अशी माझी अपेक्षा होती. उलट ते खुलले. “दिसणारच की. लपवायचं काय त्यात? मॅडम, बँडात तोंडानं बोलून भागत न्हाई. ढोल वाजतोय, फटाके उडतायत, नवरदेवाचे दोस्त नाचतायत, कोण ऐकणार? सगळं हातावर. बोट फिरवलं, पुन्हा मुखडा. तळवा खाली, आवाज कमी. आणि मूठ म्हंजे बंद. मूठ दिसली की ढोलाचं टिपरू हवेत राहिलं पाहिजे, खाली येता कामा नये. माझ्या बँडात एकाचं खाली आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं रिक्षा चालवायला घेतली.”

सगळ्या मुलाखतीत जिवंत म्हणावं असं हे एवढंच. तेही त्यांचं.

“पण ही वरात नाही,” मी म्हटलं. “तिला एकटीला बोलू द्या.”

“बोलतीय की ती. जने, तू बोलतीयस ना?”

“हो,” जेनी म्हणाली.

त्याच दिवशी मास्तरांनी मला एक वाक्य सांगितलं. पुस्तकाच्या जाहिरातीसाठी देवस्थळींना ते फार आवडेल, असंही सांगितलं.

“लिवा. माझा माइक नेहमी चालू असतो. हल्लीच्या पोरी मागं रेकॉर्ड लावून नुसतं तोंड हलवतात. मी आजवर कधी तोंड हलवलेलं न्हाई.”

“हे मी ऐकलेलं नाही,” मी म्हटलं. “न ऐकलेलं मी लिहीत नाही.”

“पुस्तकात ‘मी’ म्हंजे ती. तुमचा काय संबंध?”

“तोच तर प्रश्न आहे. तिच्या नावावर जाणारं वाक्य तिनं सांगायला हवं.”

“सांग गं मॅडमना.”

जेनीनं माझ्या मागे पाहिलं. “माझा माइक नेहमी चालू असतो,” ती म्हणाली. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेत असतो तेवढाच जीव त्या वाक्यात होता.

मी पेनाला टोपण लावलं. मास्तरांचा चेहरा जरा कडक झाला.

“या मग शोला,” ते म्हणाले. “जवळच हाय. हळदीकुंकवाचा मेळावा. आपल्या कानांनी ऐका आणि मग लिवा.”

देवस्थळींचा फोन आला तो त्या वाक्याबद्दलच. मास्तरांनी त्यांना परस्पर ऐकवलं होतं. “फार छान वाक्य आहे,” ते म्हणाले. “मी तर पहिल्या पानावर टाकतोय. तुम्ही उद्या मजकूर घेऊन निघताय ना?”

“वाक्य तपासायचं आहे.”

“अहो, आत्मचरित्र आहे. तपासायचं काय त्यात?”

मी फोन ठेवला.

मेळावा एका पतसंस्थेनं भरवला होता. संक्रांतीनंतरचे दिवस, मैदानावर सतरंज्या, सतरंज्यांवर काळ्या साड्यांतल्या बायकाच बायका. एका बाजूला तिळगूळ आणि वाणाची रांग. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा होता आणि डब्याच्या झाकणावर चेअरमनचा फोटो. कार्यक्रम उजेडातच सुरू झाला. मी गर्दीत बसले नाही. मैदानाच्या मागे, मांडवाच्या खांबाशी इक्बालभाईंचं साउंडचं टेबल होतं, तिथे जाऊन उभी राहिले.

जेनीचं पहिलं गाणं सुरू झालं होतं.

“इक्बालभाई, तिचा माइक यातला कुठला?”

त्यांनी एका सरकत्या खटक्यावर बोट ठेवलं. खटका पार तळाला होता.

“खाली का आहे?”

“गाणं सुरू झालं की वर घेतो, मॅडम.”

“गाणं सुरू झालंय.”

इक्बालभाईंनी टेबलावरची नसलेली धूळ पुसली. “मास्तरांना विचारा की,” ते म्हणाले.

विचारायची गरज नव्हती. दूर स्टेजवर एक तिशीतली बाई ओठ हलवत होती आणि कर्ण्यातून शाळकरी मुलीचा आवाज येत होता. उंच, बारीक, काचेच्या बांगडीसारखा. एकदा तो आवाज तिचा नाही हे कळलं की दुसरं काही ऐकूच येईना.

मधल्या वेळात उखाण्यांची स्पर्धा होती आणि त्यानंतर मास्तरांचा सत्कार. शाल, श्रीफळ, चेअरमनचं भाषण. मास्तर स्टेजवर अडकले. मी स्टेजमागच्या कापडी खोलीत गेले. जेनी आरशासमोर रिबन बांधत होती. इतक्या दिवसांत आम्ही दोघीच अशा पहिल्यांदा होतो.

“मास्तर बाहेर आहेत,” मी म्हटलं. “मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. ते वाक्य लिहू की नको?”

तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कनातीचं कापड होतं. ते तिचं तिच्याच लक्षात आलं आणि तिनं नजर आरशाकडे वळवली.

“तुम्ही इक्बालचाचांकडे गेला होता?”

“हो.”

“मग तुम्हाला कळलंय. मला कशाला विचारता?”

“मला कळून उपयोग नाही. पुस्तकात ‘मी’ असं लिहायचंय. मी म्हणजे तू.”

ती बराच वेळ वेणी सोडून पुन्हा घालत राहिली. मग म्हणाली, “घशात गाठ झाली होती. लहानपणी एवढं ओरडून गायले ना, त्यानं. ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला. डॉक्टर म्हणाले, काही बिघडलेलं नाही, आवाज छान आहे, नवीन पट्टीत गा. घरी येऊन गाऊन दाखवलं आप्पांना.”

“मग?”

“आप्पांनी पूर्ण ऐकलं. मधे मूठ नाही केली. मग म्हणाले, हा आपला न्हाई.” ती हसली नाही, रडलीही नाही. “चोरीचा असल्यासारखं. तेव्हापासून रेकॉर्ड. वाईट नाहीत हो आप्पा. त्यांना खरंच वाटतं की तो आवाज गेला तर घरात काही उरणार नाही.”

“तू गातेस कधी?”

“बाथरूममध्ये. नळ सोडून.”

बाहेर टाळ्या वाजल्या. सत्कार संपत आला होता.

“लिहू की नको?” मी विचारलं.

“तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात, ताई?”

“कोणाच्याच नाही. छापलं जाईल ते खरं हवं, एवढंच.”

“सोपं आहे तुमचं,” ती म्हणाली आणि रिबनचं फूल घट्ट ओढलं. “नका लिहू म्हटलं तर आप्पा विचारणार, का. मग मी काय सांगू?”

कनात उचलून मास्तर आत आले. अंगावर शाल, हातात नारळ. “चल, जने. लाल रिबन.”

उत्तर मिळालं नाही. मी चरफडत टेबलापाशी परत आले. कोणी उत्तर देत नाही आणि कोणी प्रश्न टाळतोय असंही कबूल करत नाही, असल्या मुलाखती मी राजकारण्यांच्या घेतल्या होत्या. त्यांचा इतका राग आला नव्हता.

‘लाल रिबन’ची सुरुवातीची शिट्टी वाजली आणि मैदान उभं राहिलं. तीन पिढ्यांच्या बायका. जेनी स्टेजच्या मधोमध आली. मास्तर विंगेत, नेहमीच्या जागी. तिनं माइक तोंडाशी नेला आणि पहिली ओळ बरोबर पकडली. ओठ, मान, डोळा, सगळं जागच्या जागी.

दुसऱ्या ओळीला तिनं तोंड मिटलं.

कर्ण्यातली मुलगी गातच राहिली. रिबन सुटली, शाळेची वेळ चुकली, सगळं ती सांगत होती. जेनीनं माइक खाली घेतला आणि ऐकत उभी राहिली, दुसऱ्या कोणाच्या मुलीचा कार्यक्रम बघायला आल्यासारखी. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मैदान स्वतःच गात होतं. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला कोपर मारलं. कोपर एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. गाणाऱ्या बायका कमी होत गेल्या आणि एका क्षणी मैदानावर फक्त कर्णा गात होता.

मास्तरांचं बोट विंगेत गरागरा फिरत होतं. पुन्हा मुखडा, पुन्हा मुखडा.

जेनीनं उजवा हात डोक्यावर नेला, साऱ्या मैदानाला दिसेल असा, आणि मूठ मिटली.

गाणं बंद झालं.

माझ्या शेजारी इक्बालभाई स्वतःच्या हाताकडे बघत होते. हात रेकॉर्डच्या खटक्यावर होता. “मूठ दिसली,” ते पुटपुटले. “हात गेला.” कीबोर्डवाल्याचे हातही पट्ट्यांवरून उचललेले होते, लाइटवालाही थिजला होता. सगळी बँडमधली माणसं. मूठ कोणाची ते बघायचं त्यांना कधी कोणी शिकवलंच नव्हतं.

“इक्बाल, मी न्हाई सांगितलं,” विंगेतून मास्तरांचा आवाज आला. कर्णा बंद असल्यानं तो मागेपर्यंत ऐकू आला.

जेनी स्वतःचा माइक घेऊन स्टेजच्या कोपऱ्यात गेली. तिथे निवेदकाचा माइक स्टँडवर उभा होता आणि त्याला धरून निवेदक. तिनं त्याला हातानं जरा बाजूला केलं.

“माझा माइक बंद आहे,” ती स्टँडवरच्या माइकमध्ये म्हणाली. हातातला माइक तिनं वर करून दाखवला. “हा चालू आहे.”

आवाज जाड होता, थोडा खरखरीत. मैदानाला तो ओळखता आला नाही.

“आत्ता गात होती ती मुलगी फार छान गायची,” ती म्हणाली. “तिला मोठी होऊन बरीच वर्षं झाली.”

आणि ती ‘लाल रिबन’ गायली. पेटी नाही, ताल नाही. पहिली ओळ तिला सापडली नाही, तिनं थांबून पुन्हा धरली. दुसऱ्यांदा पकड आली. उड्या मारायचं गाणं त्या खालच्या पट्टीत संथ झालं आणि शाळेची वेळ चुकली म्हणणारी पोर एकदम दूरची, कोणाच्या तरी आठवणीतली वाटायला लागली.

सगळं मैदान भारावलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बऱ्याच बायका वाणाच्या रांगेकडे गेल्या. “पहिलंच लावा की ओ,” असं कोणीतरी ओरडलं. पुढच्या काही रांगा मात्र जागेवरच राहिल्या आणि कोपर मारणारी बाई शेवटपर्यंत हलली नाही. टाळ्या पडल्या, फार नाहीत. लगेच चेअरमननी माइक घेतला आणि “जेनीताईंची प्रकृती बरी नसतानाही त्या आल्या” म्हणून आभार मानले. त्या माणसाचा मला आजही वैताग येतो.

मास्तर गाडीत बसले होते. शाल अजून अंगावर होती. मी जवळून जाताना त्यांनी काच खाली केली.

“मॅडम, तुम्ही शिकवलंत तिला हे.”

“मी फक्त विचारलं.”

“तेच म्हणतोय मी,” मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वरात निघून गेल्यावर रस्त्यात एकटं उरलेल्या माणसासारखे ते दिसत होते. त्यांनी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या गाडीसाठी स्टँडवर गेले. कँटीनमध्ये टेबल पकडून मजकूर चाळत होते, तेवढ्यात समोरची खुर्ची ओढली गेली. डोक्यावरून शाल घेतलेली जेनी. एकटी. ड्रायव्हर नाही, मास्तर नाहीत.

“आप्पा?” मी विचारलं.

“घरी आहेत. बोलत नाहीत. बोटानंसुद्धा नाही.” ती जराशी हसली. “क्लॅरिनेट काढून पुसत बसलेत. ते वाक्य काढा, ताई.”

“काढलं. कालच.”

“बाकीचंही काढा.”

“कुठलं?”

“सगळं. खूप आनंद झाला, भीती वाटली नाही, ते सगळं. ते त्यांचं आहे.”

“मग कव्हर सोडून काही उरत नाही, जेनी.”

“जना,” ती म्हणाली. “आणि उरत नाही ना? मलाही तसंच वाटलं.”

देवस्थळी फोनवर काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. मी मजकुराची चळत पालथी करून बाजूला ठेवली. वेटर आला. कळकट फडकं खांद्यावर, तीन टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात.

“काय आणू? दोन चहा?”

“मला एक चहा,” मी म्हटलं आणि तिला विचारलं, “तू काय घेणार?”

तिनं तोंड उघडलं आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मागे भिंत होती. भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक.

“लवकर सांगा, ताई,” वेटर म्हणाला.

बाहेर पुण्याची गाडी लागल्याची घोषणा झाली. माझं सगळं आयुष्य लोकांकडून पटकन उत्तर काढण्यात गेलं होतं. नाही मिळालं तर त्यांच्या वतीनं एक सोयीचं वाक्य लिहून मोकळं व्हायचं, हेही मला येत होतं. दोन चहा म्हणायला एक सेकंदसुद्धा लागला नसता. मी हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसले.

जना नजर खाली आणून टेबलाकडे बघत होती. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागे सरली, वळली आणि फाटकातून बाहेर गेली.

“चहा नको,” अखेर ती म्हणाली. “एवढं नक्की.”

“मग काय आणू?” वेटर म्हणाला.

“थांबा ना जरा,” जना म्हणाली. “बघतेय.”